तोकुबेचा दिवा

दोष दिसणे हा काहींचा स्वभाव असतो आणि काहींचा व्यवसाय. वसईजवळच्या गास गावच्या प्लासिड तुस्कानोच्या ठायी हे दोन्ही एकत्र नांदत होते. पापडीच्या एका छापखान्यात तो मुद्रितशोधक होता. लग्नपत्रिका, चर्चच्या सणाची पत्रके, दिवंगतांच्या स्मृतिदिनाच्या मिस्सा-प्रार्थनेची निमंत्रणे, आसपासच्या दोन-तीन मासिकांचे अंक, हे सारे यंत्रावर चढण्यापूर्वी त्याच्या तांबड्या पेनाखालून जाई. वधूच्या आजीचे नाव एका ओळीत एक आणि दुसरीत दुसरेच आले, की त्याच्या कपाळावर बारीक आठी उमटे. ती चूक खोडून झाली की चेहरा असा निवळे, जणू जगातला एक अन्याय त्याने दूर केला आहे. स्वतः मात्र त्याने कधी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. मासिकाच्या संपादकांनी एकदा विचारले होते. दुसऱ्याचे लिहिलेले नीट वाचणारा माणूसही लागतोच, असे म्हणून त्याने तो विषय संपवला होता.

याच चिकित्सक दृष्टीने तो बारा वर्षांचा असल्यापासून एका कथेवर प्रेम करीत आला होता. कथा जपानची, चित्रमालिकेची. आज जिला सारे ॲनिमे म्हणतात त्या जातीची. हिंदी आवाज चढवून ती तेव्हा एका वाहिनीवर रोज तिन्हीसांजेला लागे आणि तिचे हिंदी नाव होते ‘सागरदीप’. समुद्राच्या पोटात हळूहळू जाणारे एक बेट, त्या बेटावरचा दीपस्तंभ सांभाळणारा तोकुबे नावाचा आंधळा म्हातारा, आणि त्याने वाढवलेला नाओ नावाचा पोरका मुलगा, एवढ्या सामग्रीवर ती उभी होती. तोकुबेच्या हाती सदैव एक पितळी दिवा असे. आंधळ्याला दिवा कशाला, असे नाओ विचारी, आणि म्हातारा दर वेळी निराळे उत्तर देई. एके दिवशी तोकुबे बेट सोडून जातो. नाओ त्याच्या शोधात निघतो, आणि पुढची सारी कथा म्हणजे तो शोध.

प्लासिड आणि शेजारच्या वाडीतला ॲलिस्टर ही मालिका ॲलिस्टरच्या घरी बसून पाहत. तो मे महिना होता. मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होते आणि एकेका दिवशी एकेका घराची पाळी असते. पाळी असलेले घर क्रूस फुलांनी सजवते आणि प्रार्थना संपल्यावर जमलेल्यांना उकडलेले चणे वाटते. इतर घरांतल्या मुलांना अर्ध्या प्रार्थनेतून हळूच सटकता येई, आणि हे दोघे रोज सटकत. त्याच वर्षी, महिनाभर आधी, प्लासिडचे वडील फर्डिनंड आखातात नोकरीला गेले होते. पहाटे निघताना, रडारड नको म्हणून, त्यांनी मुलाला उठवले नाही. सकाळी जाग आली तेव्हा खुंटीवरचा त्यांचा सदरा नव्हता आणि अंगणात मोटारीच्या चाकांच्या खुणा होत्या. पुढे फर्डिनंड दर दोन वर्षांनी येत राहिले, पिकल्या केसांनी कायमचे घरी आले आणि आपल्याच बिछान्यावर शांतपणे वारले. त्या पहाटेविषयी मात्र बापलेकांत कधी एक शब्द निघाला नाही.

मालिका एकदाच लागली आणि अदृश्य झाली. ती पुन्हा कुठल्या वाहिनीवर आली नाही, तबकड्यांवर मिळाली नाही. ज्यांनी पाहिली त्यांच्या स्मरणातच तेवढी राहिली. पुष्कळ वर्षांनी इंटरनेटवर असे स्मरणकर्ते एकमेकांना सापडले. त्यांतले वसई-विरारकडचे पाच-सात जण रविवारी दुपारी ॲलिस्टरच्या घरी जमू लागले. ॲलिस्टर आता कलमांची रोपवाटिका चालवीत होता. सोनचाफ्याच्या आणि आंब्याच्या कलमांमधून वाट काढीत मंडळी त्याच्या ओटीवर येत आणि तासन् तास वाद घालीत: कोणत्या पात्राचे वर्तन त्याच्या स्वभावाला धरून आहे, कोणता प्रसंग ओढूनताणून आणला आहे, लेखकाला शेवट आधीपासून ठाऊक होता की वाटेत सुचत गेला.

या मंडळात प्लासिडचा शब्द अखेरचा असे. हिंदी संवादच्या संवाद त्याला मुखोद्गत होते. त्यांतही दोन गोष्टींसाठी त्याची ख्याती होती. पहिली म्हणजे तोकुबेच्या निरोपाचा प्रसंग. निघण्याच्या रात्री म्हातारा नाओला हलवून उठवतो, पितळी दिवा त्याच्या हाती देतो आणि म्हणतो, “दिवा तू ठेव. अंधार माझ्या ओळखीचा आहे.” हा प्रसंग प्लासिड सांगू लागला की चहाचे कप हातातच निवत. मंडळातल्या इतरांना तो भाग धूसरच आठवत असे. पण प्लासिडकडून इतक्यांदा ऐकल्यावर आपणही तो पाहिला होता, असे जो तो मानू लागला होता. दुसरी गोष्ट म्हणजे त्याने शोधलेला दोष. मालिकेच्या उत्तरार्धात दूरच्या किनाऱ्यावर तोकुबेचा देह सापडतो, आणि त्याच्या उशाशी तोच दिवा असतो. जो दिवा नाओच्या हाती दिला, तो म्हाताऱ्याच्या उशाशी कसा आला? निरोपापर्यंत लेखन उदात्त आणि तिथून पुढे ढिले, असा त्याचा सिद्धान्त होता. नाताळच्या आठवड्यात वसईतल्या एका सभागृहात मुंबईपासून पालघरपर्यंतचे चाहते जमत. तिथे मंडळाच्या वतीने प्लासिड दर वर्षी बोले आणि दर वर्षी याच सिद्धान्ताने टाळ्या मिळवी. सॅन्टन नावाचा मंडळातला थट्टेखोर गडी त्याला ‘तांबडे पेन’ म्हणे, आणि प्लासिडला ते मनातून आवडे.

मग एका वर्षी दोन गोष्टी एकदमच घडल्या. जुनी मालिका, चित्र उजळून, एका ॲपवर आली. आणि तुळिंजहून उन्नती आली.

उन्नती परब एका विमा कंपनीच्या कचेरीत नोकरीला होती. आई-वडील मूळचे मालवणकडचे, जन्म तुळिंजच्या चाळीतला. पहिल्या रविवारी ती नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आली आणि ओटीच्या कडेला बसून काही न बोलता ऐकत राहिली. दुसऱ्या रविवारी तिने एक प्रश्न विचारला. तिसऱ्या रविवारी तिच्या प्रश्नाला उत्तर देता देता संध्याकाळ झाली, आणि जाताना मंडळी तिच्याभोवती घोळका करून उभी राहिली. प्लासिड आपल्या चपला शोधत होता. त्या त्याला समोरच दिसत होत्या, तरी तो शोधत होता.

तिच्यात त्याला खुपावे असे काय होते, हे सांगणे अवघड नाही. तो मालिकेतल्या चुका दाखवी. ती त्याच जागी हेतू दाखवी. नाओ वादळात उगाच होडी का फिरवतो, हे प्लासिडने वर्षानुवर्षे लेखकाच्या आळसात जमा केले होते. उन्नतीने सांगितले की होडी फिरते ती दीपस्तंभाच्या दिशेने. मुलगा घाबरला की घराकडे तोंड करतो आणि हे त्याने आधीही दोनदा केले आहे. ॲलिस्टरने मांडीवर थाप मारली. “हे आपल्याला कधी सुचलंच नाही रे,” तो प्लासिडला म्हणाला. त्या वाक्यातला ‘आपल्याला’ हा शब्द घरी जाताना वाटभर प्लासिडच्या बरोबर चालला.

दुसऱ्याच्या गुणांच्या ठायी दोष पाहण्याला संस्कृतात असूया म्हणतात. प्लासिड आता ज्या बारकाईने उन्नतीचे वाचन करू लागला, त्या बारकाईने त्याने कुठलेही मुद्रित वाचले नसेल. ती बोलताना हात फार हलवते. आपल्या आधी ॲलिस्टर तिला चहा देतो. वेताची खुर्ची, जिच्यावर वर्षानुवर्षे प्लासिड बसत आला, ती तिने एकदाही मागितली नाही. पण एका रविवारी तो उशिरा पोहोचला तेव्हा ॲलिस्टरनेच तिला तिथे बसवले होते. त्याला पाहून ती उठू लागली. “बस गं, बस,” तो म्हणाला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. त्या दिवशी त्याचे पाय तर दुखलेच, पण पायांहून अधिक काहीतरी दुखत राहिले.

ॲपवरचे भाग सुरू झाल्यापासून त्या ओटीवर आणखी एक श्रोता असे. ॲलिस्टरची आई मार्गारेट. काचबिंदूने तिची दृष्टी दोन वर्षांपूर्वी पुरती गेली होती. मंडळी ॲपवरचा भाग पाहत तेव्हा ॲलिस्टर तिच्या कानाशी बसून पडद्यावर काय चालले आहे ते तिला सांगे, आणि सांगता सांगता पदरचे पुष्कळ घाली. समुद्राला वास येई, पडद्यावर नसलेली मांजर येई, मुके पात्र बोलू लागे. प्लासिडला हे सहन होत नसे.

“मार्गारेटमावशी, तसं नाही झालं. तो नुसता उभा आहे.”

“असू दे रे,” ती म्हणे. “नुसता उभा राहिलेला माणूस मला कसा दिसणार? हा सांगतो तेच बरं.”

नोव्हेंबर संपता संपता नाताळच्या मेळाव्याचा विषय निघाला. विषय ठरला होता: सागरदीपची पूर्वापरसंगती, लेखन पक्के की कच्चे. कोण बोलणार हे ठरवायचेही काही नव्हते. प्लासिडने मनात आरंभाची वाक्येही जुळवून ठेवली होती. तेवढ्यात ॲलिस्टर रोपांना पाणी घालावे इतक्या सहजपणे म्हणाला, “यंदा उन्नतीला बोलू दे की.”

 आपण हसत आहोत, हे प्लासिडला गालांच्या ताणावरून कळले. इतर कोणी हे सुचवले असते तर त्याने ते थट्टेवारी नेले असते. ज्याच्याबरोबर जपमाळेतून पळून ही कथा पाहिली, त्यानेच आपल्याला कथेतून उठवावे, हे त्याला अनपेक्षित होते. उन्नती घाईघाईने म्हणाली की प्लासिडदादाच बोलतील, आपण ऐकायला येऊ. तिचा हा विनय त्याला उर्मटपणाहून अधिक लागला. शेवटी सॅन्टनने तोड काढली. पुढच्या रविवारी दोघांनी आपापली बाजू इथेच मांडावी. मंडळाला जी पटेल ती सभागृहात जाईल. “आणि प्लासिड, पेन घरी ठेवून ये,” तो म्हणाला. सगळे हसले. ॲलिस्टरही हसला, हे प्लासिडने पाहिले.

त्या आठवड्यात छापखान्यात एका लग्नपत्रिकेत वराच्या वडिलांचे नाव गाळले गेले. पत्रिका छापून झाल्यावर ते लक्षात आले. मालकांनी त्याला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितले. प्लासिडने विश्रांती घेतली नाही. निरोपाचा प्रसंग कसा सांगायचा, कुठे थांबायचे, दिव्याचा दोष कोणत्या क्षणी पुढे ठेवायचा, याची तो उजळणी करीत राहिला; पाठच असलेला प्रसंग ॲपवर आधी पाहून घ्यावा, असे त्याला वाटलेच नाही. आणि क्रमाने एकेक भाग पाहत आलेल्या मंडळाचा त्या रविवारचा भाग नेमका तोच होता. हा त्याला शुभशकुन वाटला.

रविवारी ॲलिस्टरच्या ओटीवर नाताळचा तारा टांगलेला होता. भाग सुरू झाला. समुद्र, रात्र, दीपस्तंभाच्या पायथ्याची खोपटी. तोकुबे उठला. नाओच्या अंथरुणापाशी आला. मुलाच्या डोक्यावर त्याने हात धरला, पण टेकवला नाही. बराच वेळ तो तसाच उभा होता. मग दिवा उचलून तो बाहेर पडला, वाळूत पावले उमटली, लाटेने पुसली, आणि निजलेल्या नाओच्या चेहऱ्यावर भाग संपला.

“काय झालं रे?” मार्गारेटने विचारले. ॲलिस्टर काही बोलला नाही.

“कापलंय,” प्लासिड म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “ॲपवाल्यांनी कापलंय. मुख्य प्रसंगच काढून टाकला.”

मंडळी गोंधळली. आपल्यालाही तो प्रसंग आठवतो, असे दोघे-तिघे पुटपुटले. 

“दादा, मी हा भाग तेव्हा टीव्हीवर पाहिलाय,” ती म्हणाली. “असाच होता.”

“तेव्हा तू किती वर्षांची होतीस?”

“सात.”

“सात वर्षांच्या मुलीची आठवण,” प्लासिड मंडळाकडे वळून म्हणाला, “आणि त्यावर निवाडा.”

“हो, सातच. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी आईच्या पदराला गाठ मारून झोपायचे. न सांगता जाईल म्हणून. त्याने उठवून निरोप घेतला असता तर मी कशाला घाबरले असते?”

प्लासिडने दिव्याचा मुद्दा काढला. दिलेला दिवा उशाशी कसा? लेखनातली ही फट तरी ती नाकारणार आहे का? उन्नतीने मान हलवली. ती जे बोलली ते हात न हलवता बोलली. निरोपाचा प्रसंग आहे असे धरले तरच दिवा दोन ठिकाणी येतो, ती म्हणाली; प्रसंग नाही असे धरले, तर दिवा तोकुबेने नेला आणि त्याच्याच उशाशी सापडला. मग दोष उरतच नाही. दादांचा आवडता प्रसंग आणि दादांनी शोधलेली चूक, या दोन्ही गोष्टी एकच आहेत. एवढे बोलून ती थांबली. मग, विचारू की नको अशा स्वरात, तिने विचारले, “दादा, बाकीचे सगळे डायलॉग तुम्ही हिंदीत म्हणता. हा एकच मराठीत का म्हणता?”

 प्लासिडने हिंदी वाक्य आठवून पाहिले. तोकुबेचा हिंदी आवाज त्याच्या कानांत होता. त्या आवाजात ते वाक्य बसेना. तो ॲलिस्टरकडे वळला.

“आपण दोघांनी पाहिलंय. इथंच, याच घरात. सांग हिला.”

ॲलिस्टर वाकून पायाशी पडलेला चाफ्याचा देठ उचलू लागला. बोलली ती मार्गारेट.

“दोघांनी कसं? त्या दिवशी क्रुसावर तुमची पाळी होती, प्लासिड. तुझी आई चणे वाटत होती नि तू टोपली धरून उभा होतास. तुझ्या बापासाठी जपमाळ होती ती, मी कशी विसरेन? हाच तेवढा पळाला. मी मागनं आले नि बघते तर टीव्हीसमोर बसून रडतोय. म्हातारा न सांगता गेला, न सांगता गेला, एवढंच बोलत होता. मी कान पिळून परत नेला याला.”

  प्लासिडच्या स्मरणात, इतकी वर्षे जिथे समुद्र आणि दीपस्तंभ होता तिथे, हळूहळू दुसरेच चित्र वर आले: मोगऱ्याच्या माळा घातलेला क्रूस, हातातल्या टोपलीची ऊब, आणि चणे खात खात घरी परतताना अंधारात शेजारून येणारा ॲलिस्टरचा आवाज. तोकुबेचा चेहरा त्याने त्या रात्री पाहिलाच नव्हता. त्याने तो ऐकला होता.

तो उठला. चपला या वेळी त्याला लगेच सापडल्या.

ॲलिस्टरने त्याला क्रुसापाशी गाठले. दिवस कलला होता. केळीच्या बागांवरून समुद्राकडचा वारा येत होता. दोघे क्रुसाच्या चौथऱ्यावर बसले, लहानपणी बसत तसे, पाय खाली सोडून.

“मी तुला सांगणार होतो रे,” ॲलिस्टर म्हणाला. “मग तू ते सगळ्यांना सांगायला लागलास. मग राहूनच गेलं.”

“का केलंस पण?”

“तुझे बाबा तसेच गेले होते ना तेव्हा. चार दिवस तू जेवला नव्हतास. मी तुला काय सांगणार, की तो पण तसाच गेला?”

प्लासिडने मान हलवली. रागाची वाट तो पाहत होता, पण राग आला नाही. जे आले ते त्याच्या चांगल्या ओळखीचे होते. गेले दोन महिने ते त्याच्या घरी राहायलाच होते. फक्त आता त्याचे तोंड उन्नतीकडे नव्हते. ज्या वाक्याच्या मापाने त्याने एका अख्ख्या मालिकेचे लेखन जोखले आणि उणे ठरवले, ते वाक्य या शेजारच्या माणसाने बाराव्या वर्षी चणे चघळत रचले होते. आपण दुसऱ्यांच्या ओळी सुधारण्यात वर्षे घालवली, आणि याने एकदाच, वाटेने चालताना, एक ओळ केली.

“ते वाक्य तुझं?” त्याने विचारले.

“कुठलं?”

“दिवा तू ठेव. अंधार माझ्या ओळखीचा आहे.”

ॲलिस्टरने आठवून पाहिले, अगदी प्रामाणिकपणे. “असेल बाबा. काहीतरी बोललो असेन. मला वाटायचं ते तूच कुठून तरी आणलंस.”

प्लासिड त्याच्याकडे पाहत राहिला. संपत्तीच्या धन्याला ती हरवल्याचेही भान नाही आणि राखणदाराने तिच्यापायी आयुष्य घालवले, असे काहीसे ते होते. “तुला आठवतसुद्धा नाही,” तो म्हणाला.

“तू आहेस ना लक्षात ठेवायला,” ॲलिस्टर म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते, असे प्लासिडला वाटले.

नाताळच्या आठवड्यात सभागृहात उन्नती बोलली. प्लासिड मागच्या रांगेत बसला होता. म्हातारा मुलाच्या डोक्यावर हात धरतो पण टेकवत नाही, या एका गोष्टीवर ती बराच वेळ बोलली. हात टेकवला तर मुलगा जागा होईल आणि मग आपल्याला जाता येणार नाही, हे म्हाताऱ्याला ठाऊक आहे. न उठवता जाणे हे कठोर माणसाचे काम नाही, मऊ माणसाचे आहे, असे तिने सांगितले. प्लासिडच्या डोळ्यांसमोर खुंटी आली, आणि तिच्यावर नसलेला सदरा. त्या पहाटे आपल्याही डोक्यावर कोणी असा हात धरला असेल का, हे विचारायला आता कोणी उरले नव्हते. हे तिला सातव्या वर्षी दिसले होते, म्हणून तो तिचा मत्सर करीत होता; आणि तिने ते नीट सांगितले म्हणूनही. शेवटी श्रोत्यांपैकी एकाने दिव्याच्या त्या प्रसिद्ध दोषाविषयी विचारले. “तो दोष नाही,” उन्नती म्हणाली, आणि कोणाचेही नाव न घेता पुढच्या प्रश्नाकडे वळली. तिची ही सभ्यताही त्याला सुखाने घेता आली नाही. टाळ्या मात्र त्याने वाजवल्या, शेजाऱ्याच्या थोड्या आधीच.

पुढचे दोन रविवार तो गेला नाही. तिसऱ्या रविवारी मार्गारेटने निरोप पाठवला की खुर्ची रिकामी आहे. तो गेला तेव्हा मंडळी अजून यायची होती. ओटीवर मायलेक दोघेच होते आणि मार्गारेट मुलाला बोलत होती. त्या दिवशी म्हाताऱ्याचे पुढे काय झाले ते कोणी तिला सांगितलेच नाही; सगळे भांडत बसले आणि तिची गोष्ट अर्धी राहिली.

ॲलिस्टरने प्लासिडला येताना पाहिले. तो जरा अडखळला, मग जे पडद्यावर होते तेच, जसेच्या तसे सांगू लागला. समुद्राला वास आला नाही, मांजर आली नाही. म्हातारा उठला. त्याने हात धरला, टेकवला नाही. दिवा घेऊन तो निघून गेला.

“न सांगताच?” मार्गारेटने विचारले.

“न सांगताच, आई.”

प्लासिड पायरीवर उभा होता. असा चोख, एकाही चुकीवाचूनचा वृत्तान्त त्याने ॲलिस्टरच्या तोंडून पूर्वी कधी ऐकला नव्हता.

“चुकलास,” तो म्हणाला.

ॲलिस्टर वळला.

“त्याने उठवलं होतं त्याला,” प्लासिड म्हणाला आणि वर येऊन वेताच्या खुर्चीवर बसला. “खांद्याला धरून हलवलं. पोरगा डोळे चोळत उठला. मग दिवा त्याच्या हातात दिला. दिव्याची कडी अजून गरम होती, असं तू सांगितलं होतंस. तेही विसरलास. आता मी सांगतो ते ऐक, आणि पुढल्या वेळी गाळू नकोस.” तो मार्गारेटकडे वळला आणि ते वाक्य त्याने म्हटले, जिथे थांबायचे तिथे थांबून, एकही शब्द इकडचा तिकडे न करता.

 मार्गारेटचे न पाहणारे डोळे अंगणातल्या कलमांकडे लागले होते.

“अंधार माझ्या ओळखीचा आहे,” तिने ते आपल्याशीच म्हणून पाहिले. “हे कोणी लिहिलं रे?”

प्लासिडने ॲलिस्टरकडे पाहिले. उत्तर देणे त्याला जड गेले. एवढे जड त्याला आजवर काही गेले नव्हते.

“यानं,” तो म्हणाला. “पण लक्षात मी ठेवलंय.”